खोक्याच्या लाकडाचा बेस

एंगकुस आमच्या 'कावाह' बँडमध्ये पहिल्यापासून बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचा. एके दुपारी तो सरावाला आला, पट्टा खांद्यावर न घेताच बेस भिंतीला टेकवून ठेवला आणि आम्हा सगळ्यांचे हात एकेक करून हातात घेतले. आता संगीत पुरे, म्हणाला. त्याचं मन धर्माकडे वळलं होतं. बांडुंग शहरात आमच्या वयाच्या बऱ्याच वाजवणाऱ्यांचं तसं झालंय, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. तो आता खजूर आणि मध विकतो. रस्त्यात भेटला की कडकडून मिठी मारतो, पण स्टुडिओच्या गल्लीतून जात नाही.

त्याचा बेस मात्र मागे राहिला. काळा, जुना, परदेशी लाकडाचा, गळ्यात घातला की खांदा खचावा असा. आमचा गायक आणि गिटारवाला ओदेद. गाणी त्याची, म्हणजे बँडही त्याचाच. त्याचं म्हणणं, आपल्या गाण्यांचा अर्धा जीव या बेसच्या आवाजात आहे. नवा माणूस येईल तो हाच बेस घेईल आणि याच फ्रिजएवढ्या स्पीकरमधून वाजवेल. त्यात बदल नाही.

पण नवा माणूस मिळेना. पुष्कळ तरुण मुलं येऊन वाजवून गेली. बोटं अशी पळायची की बघत राहावं. मी ड्रम वाजवतो. मला पळणारा नको असतो, माझ्या पायाबरोबर पाऊल टाकणारा हवा असतो. एकाला ओदेद म्हणाला, "बाळा, वाजवतोस झकास. आमच्या गाण्यात तुला जागा सापडली की कळव." तो पोरगा परत आला नाही.

मग मला एंतिनची आठवण झाली. आमच्या उमेदीच्या काळात शहरात बायका-बायकांचा एक रॉक बँड होता, त्यात ती बेसवर असायची. पुढे लग्न झालं, बँड फुटला आणि ती लग्नाच्या मांडवांत ऑर्गनवाल्याच्या साथीला वाजवायला लागली. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला तेते म्हणायचो, म्हणजे ताई. मध्ये दोन-तीन वर्षं ती कुठेच दिसली नव्हती. विचारत विचारत तिच्या घरी पोचलो. पुढच्या खोलीत तिचा नवरा रुस्लान मोटारसायकलींच्या सीटा शिवत बसला होता. तोंडात दोरा, मांडीवर फाटकी सीट. त्याने मानेनंच आत जा म्हणून खुणावलं.

तेते ऐकून घेत होती आणि केळीची पानं पुसत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "जांग, मस्करी करायला एवढ्या लांब आलास?"

माझं नाव जाजांग, जवळची माणसं जांग म्हणतात. मी म्हटलं, "मस्करीसाठी मी पेट्रोल जाळत नाही, तेते."

तिने पान खाली ठेवलं. बाहेर रुस्लानचं शिलाई मशीन थांबलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ती सरावाला आली. स्टूल मागून घेतलं, काळा बेस मांडीवर आडवा घेतला आणि आमचं सगळ्यात संथ गाणं निवडलं. पहिल्या आवर्तनातच माझा उजवा पाय हलका झाला. आता हे कसं सांगायचं? इतके महिने मी एकट्याने गाडा ओढत होतो, आणि कोणीतरी दुसऱ्या बाजूने खांदा लावला, तसं. ओदेद भिंतीकडे तोंड करून गात होता. गाणं संपलं तरी वळला नाही. मग म्हणाला, "एंतिन, इतकी वर्षं कुठे होतीस गं तू?" ती म्हणाली, "मांडवात, कांग. तुम्ही जेवत असता ना, तेव्हा मागे वाजत असतं ते मीच." कांग म्हणजे दादा. ओदेद हसला आणि ती बँडमध्ये आली.

पावसाळ्याच्या तोंडावर शहराबाहेरच्या मैदानात मोठा कार्यक्रम ठरला होता. जुने सगळे बँड एका मंचावर येणार होते. ओदेदने सराव वाढवला. तेते वेळेवर यायची, नेहमी लांब बाह्यांचा शर्ट घालून, आणि नेहमी बसून वाजवायची. एके दिवशी ओदेद म्हणाला की आता उभं राहून वाजवू, मैदानात काय स्टूल घेऊन बसणार आहेस का. ती उठली, पट्टा डाव्या खांद्यावर घेतला आणि वाजवायला लागली. अर्ध्या गाण्यात तिचा चेहरा बदलला. तिने बेस अलगद खाली ठेवला आणि पाणी प्यायला बाहेर गेली.

परत आल्यावर तिने सरळ सांगितलं की हा बेस आपल्याला जड होतो, हलका घेते. ओदेदला ते पटलं नाही. एंगकुसचा बेस जड होता म्हणून आवाज जड होता, असा त्याचा हिशेब. दोघांत चांगलीच जुंपली. तिने विनवलं, मग रागावली, मग पुन्हा विनवलं. एवढी मानी बाई अशी काकुळतीला का येते, ते मला कळेना. शेवटी ओदेद वैतागून म्हणाला, "हे बघ, मला आवाज हवा. मग तू झाडूला तारा बांधून वाजव."

"शब्द दिलात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मला दुकानं पालथी घालायला घेऊन गेली. वाद्याच्या दुकानात माणूस आधी वाजवून बघतो. ती आधी उचलून बघायची. दांडी धरून हातावर तोलायची, ठेवायची, दुसरा उचलायची. एका दुकानात मालक कंटाळून म्हणाला, "तेते, पपया पलीकडच्या बाजारात मिळतात." ती म्हणाली, "पपई असती तर वास घेतला असता." मी हसलो, पण तेवढ्यात तिने बाही जराशी वर सारली आणि मला तिचा डावा हात दिसला. कोपरापासून मनगटापर्यंत सुजलेला. त्वचा ताणून चकचकीत झालेली. उजव्या हाताच्या दीडपट असेल.

तिने माझी नजर पाहिली. दुकानाबाहेर आल्यावर म्हणाली, चल, काहीतरी गरम पिऊ. आल्याचा बांद्रेक विकणाऱ्याच्या बाकावर आम्ही बसलो, आणि पेला दोन्ही हातांत धरून तिने सगळं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं नाही. छातीची डावी बाजू कापून काढली, म्हणाली, आणि काखेतल्या गाठीही काढल्या. तेव्हापासून हातातलं पाणी वर चढत नाही. वजन उचललं, खांद्यावर पट्टा रुतला की हात फुगतो. ती जी वर्षं कुठे दिसली नव्हती, ती यात गेली होती.

"पण आता बरं आहे ना?" मी विचारलं.

तिने पेल्यात बघत नाही म्हणून मान हलवली. दुखणं परत आलं होतं. यावेळी पाठीत. डॉक्टरांनी उपचार सांगितले होते, तेच जुने, पण जास्त.

"त्या औषधाने बोटं मरतात, जांग. गेल्या वेळी वर्षभर मला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. रुस्लान लावायचा. भातात बोटं घातली तरी गरम की गार ते कळायचं नाही. हळूहळू आली परत. यावेळी येतीलच असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडून कार्यक्रमापर्यंतची मुदत मागून घेतलीय. त्यांना पसंत नाही. रुस्लानला तर अजिबात नाही."

बांद्रेक निवला तरी आम्ही बसून होतो. मग तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तू मला आता हलका बेस शोधून दे. रडायला घरी माणूस आहे."

दुकानांत मिळणार नव्हता, हे तोवर कळलं होतं. मी तिला आबा सुर्यांकडे घेऊन गेलो. उजुंगबरुंगच्या वरच्या अंगाला त्यांचं लाकडाचं काम. आमच्या अर्ध्या शहराच्या गिटारी त्यांनी जोडल्यात, मोडल्यातही. त्यांच्या तोंडी सगळ्या बायका 'नेंग', म्हणजे पोरीच, मग ती आजी का असेना. त्यांनी तेतेला उभं केलं, खांद्यापासून बोटांपर्यंत नजर फिरवली आणि हाताबद्दल एकही प्रश्न न विचारता म्हणाले, "सेंगोनचा करू."

सेंगोन म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात हलकं आणि सगळ्यात स्वस्त लाकूड. फळांची खोकी करतात त्याची. नखाने ओरखडा उठतो. मी म्हटलं, "आबा, बेस करायचाय, आंब्यांची पेटी नाही."

"मग तू पुढच्या वेळी येशील तेव्हा आंबे घेऊन ये," ते म्हणाले, आणि तेतेकडे वळले. "नेंग, हे लाकूड तारांचा ताण घेणार नाही. मध्ये मी सागाची पट्टी घालेन, दोन्ही बाजूंना सेंगोन. दांडी आखूड ठेवू, म्हणजे डावा हात लांबवावा लागणार नाही. आवाज त्या काळ्यासारखा येणार नाही, आधीच सांगतो. वेगळा येईल."

"किती वेगळा?"

"ते मला झाल्यावरच कळेल. तुला घाई आहे का?"

"हो," तेते म्हणाली. आबांनी पुन्हा एकदा तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं दुसऱ्याचं काम बाजूला ठेवलं.

पट्ट्याचा प्रश्न उरला. एका खांद्यावरचा पट्टा चालणार नव्हता. पाठीवरच्या दप्तरासारखा, दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर वजन वाटणारा हवा होता, डावीकडे जवळजवळ भार न देणारा. असं काम शहरात कोणाला जमत असेल तर रुस्लानला, आणि तो करायला तयार नव्हता. मी असताना तेतेने त्याला विचारलं. तो मान खाली घालून शिवत राहिला. मग म्हणाला, "तू दवाखान्यात न जाण्यासाठी मी पट्टा शिवू?" ती म्हणाली, "मी जाणार आहे. कार्यक्रम झाला की." तो म्हणाला, "तोवर ते पाठीतलं थांबून राहणार आहे का तुझ्या गाण्यांसाठी?" ती उठली आणि आत निघून गेली.

तरी त्याने शिवला. आम्ही आबांकडून बेस घेऊन आलो तेव्हा पट्टा दाराला टांगलेला होता. मऊ कातडं, आतून स्पंज, सीटेला घालतात तो, आणि डाव्या खांद्याची पट्टी नावापुरती. रुस्लानने तिला तो स्वतः चढवला. बंद आवळताना तो श्वास रोखून होता. झाल्यावर आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

बेस फिकट पिवळसर होता, रंग न दिलेला. एका हाताने उचलावा इतका हलका. स्टुडिओत ओदेदने तो पाहिला आणि कोपऱ्यात फळं शोधायला लागला, म्हणजे खोकं आलं, आतली फळं कुठे गेली, असा विनोद. मग ती वाजवायला लागली आणि विनोद संपले. आवाज काळ्यासारखा नव्हताच. काळ्याचा आवाज जमिनीखालून यायचा. हा छातीच्या आतून आल्यासारखा, गोल, थोडा घोगरा. काळ्याच्या जवळ जावा म्हणून तिने जाड गुळगुळीत तारा चढवल्या होत्या, अ‍ॅम्पवरचे वरचे सूर जवळजवळ बंद केले होते. तरी ओदेद डोळे मिटून नाही म्हणून मान हलवत राहिला.

"हा एंगकुसचा आवाज नाही," तो म्हणाला.

"एंगकुस वाजवत नाहीये, कांग."

ओदेदने पुढचं गाणं घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. तिसऱ्या गाण्यात मला दिसलं की तो तिच्या बाजूला सरकून उभा राहिलाय. एंगकुस असताना तो जिथे उभा राहायचा तिथे.

त्यानंतरचे थोडे दिवस बरे गेले. मग पावसाळा लवकर आला. मैदानात गुडघाभर पाणी साचलं, मंचाचे खांब कलले, आणि आयोजकांनी कार्यक्रम पुढे ढकलला. पुढे म्हणजे पाऊस ओसरल्यावर. काही महिने लांब.

निरोप आला तेव्हा आम्ही स्टुडिओत होतो. ओदेद शिव्या देऊन मोकळा झाला. त्याच्यासाठी ते तेवढंच होतं. तेतेने पट्टा काढला नाही. ती आयोजकांना स्वतः फोन करायला लागली. मंडप घाला, दुसरी जागा घ्या, शाळेचं मैदान घ्या, दुपारी करा, पैसे देऊ नका. फोनवरचा माणूस सभ्य होता, त्यामुळे तिला भांडताही येईना. शेवटी ती "कृपा करा, कृपा करा" एवढंच म्हणत राहिली आणि पलीकडून फोन बंद झाला तरी म्हणत राहिली. ओदेद चक्रावून माझ्याकडे बघत होता. तेव्हा मी नाही, तिनेच सांगितलं. त्याच्याकडे पाठ करून, सगळं.

ओदेद खुर्चीत बसला. म्हणाला की तू उद्याच्या उद्या दवाखान्यात जा, आमचं आम्ही बघू, दुसरा कोणी शोधू.

ती वळली. तिला इतकं संतापलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"बघा, हेच होणार होतं, म्हणून बोलले नाही. दया येऊन तुम्ही मला ठेवू नका. आणि दया येऊन काढूही नका. मी वाईट वाजवायला लागले तर काढा."

ती उपचाराला गेली नाही. डॉक्टरीणबाईंची तारीख टळली. रुस्लान माझ्याकडे आला, सरावाच्या वेळी, दारात उभा राहिला, आत यायला तयार नाही. तो फार कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "तुम्ही तिला आणलंत. आता तुम्हीच सांगा काय करायचं." मी आणि ओदेद तिच्या घरी गेलो. ओदेदने सुचवलं की आपण सगळी गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करू, तिची बोटं शाबूत आहेत तोवर, म्हणजे आवाज तरी राहील. ती म्हणाली, "कांग, मी मेल्यावर तुम्ही ऐकायची सोय करताय. मला समोर माणसं हवीत. वीस वर्षं मी अशा माणसांसमोर वाजवलंय ज्यांचं तोंड ताटाकडे होतं." आम्ही दोघे खाली बघत बसलो. समोर भात आणि तळलेले मासे ठेवले होते, आणि आम्ही जेवतच होतो.

तिचा निर्णय शेवटी आमच्या कोणाच्या बोलण्याने झाला नाही. पुढच्याच आठवड्यात सराव चालू असताना, तिच्या सगळ्यात आवडत्या गाण्यात, तिचा डावा हात दांडीभोवती मिटेना. सूज बोटांपर्यंत उतरली होती. तिने मनगट उलटं करून पाहिलं, अंगठा वर घेऊन पाहिलं. बोटं सॉसेजसारखी ताठ, तारेपर्यंत पोचायची पण दाबायची नाहीत. आम्ही वाजवायचं थांबलो. ती मात्र उजव्या हाताने तार छेडत राहिली, तीच एक मोकळी तार, पुन्हा पुन्हा.

"म्हणजे औषध नाही घेतलं तरी बोटं जाणारच," ती म्हणाली. आम्हाला नाही, हातालाच म्हणाली असावी.

दुसऱ्या दिवशी रुस्लान तिला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेला.

ते महिने मी फारसे सांगणार नाही. केस गेले, चव गेली. रुस्लानने दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. हाताला घट्ट पट्ट्या बांधून सूज बरीच उतरली, ते एक चांगलं झालं. पण बोटं मेली, तिने सांगितलं होतं तशीच. मी भेटायला गेलो तेव्हा ती खाटेवर बसून बेसच्या तारेवर बोटं घासत होती. "बघ," म्हणाली, आणि तार एवढी दाबली की बोटाला खोल वळ उठला. "काही नाही. दुसऱ्या कोणाचं तरी बोट." तळपायही सुन्न झाले होते. जिना उतरताना पायरी कुठे संपते ते बघून उतरावं लागायचं.

इकडे कार्यक्रमाची नवी तारीख आली. ओदेदने तिला न लपवता सांगितलं की आम्ही एक माणूस तयार ठेवतोय, तोतो नावाचा, बँकेत कारकून आहे, साधं आणि नेटकं वाजवतो. ती म्हणाली, योग्य केलंत. आणि मग, मी येऊन वाजवून बघते.

तो सराव मला विसरता येत नाही. डोक्याला रुमाल गुंडाळून ती आली. बेस घेतला आणि पहिल्याच ओळीत चुकली, दुसऱ्या ओळीत चुकली. तार लागली की नाही हे तिला बोटाने कळत नव्हतं, आणि कानाने कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. ती माझ्या पायाच्या मागे पडत होती. दांडीवर नजर रोखून वाजवत होती, नवशिके वाजवतात तशी. गाणं संपलं. तोतो बिचारा भिंतीला चिकटून उभा होता, त्याला कुठे बघावं ते कळेना.

त्या दुपारी ती एकटीच आबा सुर्यांकडे गेली. त्यांनी गुळगुळीत तारा काढून कानशीसारख्या खरखरीत चढवल्या, दांडीच्या कडेला पांढऱ्या शिंपल्याचे मोठे ठिपके बसवले, तारा जरा उचलून घेतल्या. थोडा फरक पडला, फार नाही. आबांनी कबूल केलं की आता माझ्याकडे आणखी काही नाही, नेंग. तिने सांगितलेलं मला आठवतं, की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिलाच त्याची समजूत काढावी लागली.

मग तिने स्वतःच एक युक्ती काढली. पुढच्या सरावाला ती आली ती सरळ त्या फ्रिजएवढ्या स्पीकरपाशी गेली. आम्हाला तो आडवा पाडायला लावला, आणि त्याच्यावर बसली. बेस मांडीवर घेतला, तार छेडली आणि डोळे मिटले.

"इथे येतंय," तिने कमरेवर हात ठेवला. "हाडात येतंय. बोटांना नाही कळलं तरी चालेल."

तिने गाण्यांतल्या सगळ्या हरकती काढून टाकल्या. जिथे चार सूर होते तिथे एक ठेवला, माझ्या पायाबरोबर पडणारा, बास. तरी सगळी गाणी जमेनात. शेवटी असं ठरलं की पहिली निम्मी गाणी ती वाजवेल, मग तोतो काळा बेस घेऊन येईल. उभं राहण्याचा विषय ओदेदने काढला नाही. उलट मंचावर स्पीकर आडवा ठेवायला आयोजकांशी तोच भांडला.

कार्यक्रम दुपारी उशिरा झाला. चिखल अजून ओला होता आणि माणसं त्यातच उभी होती, आमच्याबरोबर म्हातारी झालेली माणसं, पोट सुटलेली, काही जण मुलांना खांद्यावर घेऊन आलेली. रुस्लान मंचाच्या बाजूला पाण्याची बाटली धरून उभा होता. तेते स्पीकरवर बसली. खाली कोणीतरी ओरडलं, आज्जीला खुर्ची द्या रे. लोक हसले. तिनेही ऐकलं. मी काठ्या वाजवून मात्रा दिल्या आणि आम्ही सुरू झालो.

पहिलं गाणं नीट झालं. दुसरं त्याहून चांगलं. ती समोर बघत होती, दांडीकडे नाही, आणि लोक तिच्याकडे बघत होते. ओदेदने तिचं नाव सांगितलं तेव्हा खालचे लोक ओरडले. ज्याने आज्जी म्हटलं होतं तोही ओरडला असेल. तिचं ठरलेलं शेवटचं गाणं संपलं आणि तोतो काळा बेस घेऊन पायऱ्या चढला. तेते उठली नाही. ओदेदने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही. पुढचं गाणं तिच्याकडे नव्हतं, ते आमचं सगळ्यात वेगवान, तिने सरावात सोडून दिलेलं. ओदेदने माझ्याकडे पाहिलं. मी काठ्या उचलल्या. दुसरं काय करणार होतो?

तिने ते वाईट वाजवलं. खोटं कशाला सांगू? सूर चुकत होते, मधले गळत होते, एकदा ती पूर्ण हरवली आणि मी एकट्या पायावर गाणं ओढलं. तिचा चेहरा घामाने भिजला होता, ओठ दाताखाली. तोतो पायरीवर तसाच थांबून राहिला, एक पाय वर, एक खाली. खाली लोक गात होते. किती जणांना कळलं, मला माहीत नाही. गाणं संपल्यावर तिने स्वतःहून पट्ट्याचे बंद सोडायचा प्रयत्न केला, बोटांना जमेना, तेव्हा रुस्लान मंचावर चढला आणि सगळ्यांसमोर त्याने ते सोडले.

कार्यक्रम आवरून मी मागे गेलो तेव्हा ती तंबूत मिठाचं गरम पाणी घेऊन हात शेकत बसली होती. फार गरम नाही ना, ते रुस्लानने आधी स्वतःचा हात घालून पाहिलं असणार. मी शेजारी बसलो. ओदेदही आला. त्याला वाटलं काहीतरी छान बोलावं, पण तिने हात वर केला.

"शेवटचं वाईट झालं," ती म्हणाली.

"हो," ओदेद म्हणाला.

"मग आता काढा मला."

ओदेदने तिच्या शेजारच्या खोक्यावर बसकण मारली. त्याला रडू येत होतं, लपवत नव्हता. म्हणाला, "काढलं." तिने मान डोलावली, आणि ओल्या हाताने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

त्यानंतर ती आमच्याबरोबर मंचावर आली नाही. बेसवर आता तोतो आहे, आणि चांगला वाजवतो. तेतेची औषधं चालू आहेत. पाठीतलं वाढलं नाही, गेलंही नाही, असं डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी सांगतात, आणि प्रत्येक वेळी रुस्लान ते दोनदा विचारून घेतो. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात थोडी जाण परत आलीय. बाकीची अजून नाहीत. मागच्या वेळी गेलो तेव्हा तिने एका बोटाने वाजवता येईल अशी ओळ बसवली होती, मला मांडीवर ठेका धरायला लावला आणि वाजवून दाखवली. मधेच चुकली, शिवी हासडली आणि म्हणाली, जांग, पुन्हा पहिल्यापासून घे.